बैलाच्या कष्टाचं नाही

पाषाणला आमच्या इमारतीमागे एक खड्डा होता.
दोन मजली पार्किंग व्हायचं होतं तिथं.
खणून झालं, आणि तीन भाऊ कोर्टात गेले.
नऊ वर्षं.
पाणी साठलं. बगळे आले.
सोसायटीनं डासांचे अर्ज केले.
मग एका भादव्यात काठाकाठानं काहीतरी उंच झालं,
त्याला ग्रुपवर सगळ्यांनी गवत म्हटलं.
मीही.

बारकी हिलम म्हणाली, देवभात.

ती पौडहून यायची, पहिल्या पीएमटीनं.
वॉचमन ढेबे पत्रा सरकवून द्यायचा.
डोंगरातली माणसं, एकमेकांना फार विचारत नाहीत.
मांडीभर पाण्यात उभं राहून
ती हिरव्या लोंब्यांच्या जुड्या बांधायची,
दहा-बारा ताटं एकत्र, वर एक गाठ,
शाळेला उशीर झालेल्या पोरीची वेणी घालावी तशी.
'नायतर झडतं,' म्हणाली.
'ह्ये कुणासाठी थांबत न्हाई.'

मी बँकेत आहे, मुदत ठेवींच्या काउंटरला.
थांबणं हाच आमचा धंदा.
ते वाक्य डब्यासोबत घेऊन गेले आणि दिवसभर पुरलं.
गहू थांबतो. ज्वारी थांबते.
इंद्रायणी पिकून पिवळी होते, मान खाली घालते,
विळा येईस्तोवर उभी राहते.
किती पिढ्या लागल्या असतील
तिला ही सवय लावायला?
आणि मला कुणी लावली?

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं.
समोरच्या दातारबाई मंडईतून देवभात आणतात,
मूठभर, कागदाच्या पुडीत, केशराच्या तोऱ्यात.
आणि गॅलरीत उभ्या राहून विचारतात,
'हे गवत काढणार कधी?'
बारकीला ऋषी ठाऊक नाहीत.
तिच्या आईनं हे खाल्लं
ते घरात दुसरं काही नव्हतं म्हणून.
दाणा तोच. उपासही तोच म्हणायचा,
फक्त एक कॅलेंडरवर छापलेला.

कुसळ आणि मुसळ, ती म्हण मी
दोन मार्कांसाठी पाठ केली होती.
इथं पहिल्यांदा दोन्ही एका जागी पाहिली.
बोटभर लांब, तांबूस, उलटं ओढलं की बोटात शिरणारं कुसळ,
आणि ते निघावं म्हणून ढेबेच्या खोलीमागे
दगडी उखळात पडणारं मुसळ.
मुसळ कसलं, लोखंडी पाइपाचा तुकडा.
बिल्डरचाच.

कार्तिकात तिनं गाठी सोडल्या, सुपात झटकल्या.
निम्मं सुपात पडलं, निम्मं पाण्यात.
मी हळहळले.
'त्ये पाण्याचं,' ती म्हणाली,
जणू खातं दोघांच्या नावावर आहे.

पावशेर मला दिलं, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत.
शिजायला दोन तास लागले.
लाल. जाड. चिखलाचा किंचित वास.
चव सांगण्यासारखी नाही.
चावावं लागतं. बराच वेळ.
त्या रात्री जेवताना कुणी टीव्ही लावला नाही,
का ते ठाऊक नाही.

माघात भावांचं मिटलं.
पंप लागले, मग जेसीबी, मग रात्रीचे डंपर,
चिखल, मुळं, शेवाळ सगळं भरभरून.
दातारबाईंनी ग्रुपवर फुलांचा गुच्छ टाकला.
मीही अंगठा दाखवला.
पार्किंगचा प्रश्न आमचाही होताच.

पुढल्या भादव्यात बारकी आली.
ढेबेनं पत्रा सरकवला.
आत खांब उभे होते, खांबांवर सळया,
सळयांच्या टोकांना प्लॅस्टिकच्या लाल टोप्या.
मी गॅलरीतून बघत होते, चहा हातात.
मला वाटलं, आता ही खाली बसेल.
ती काही बसली नाही.
सूप डाव्या काखेतून उजव्या काखेत घेतलं
आणि ढेबेला एवढंच विचारलं,
'माती कुठं टाकली?'

त्यानं सूसच्या रस्त्याकडे हात केला, मोघम,
म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं.

ती तिकडं चालू लागली.